होल कुठे पाडायचं

घराच्या मागे गोल्फचं ग्रीन करून घ्यायचं, हे खूळ माझंच. आम्ही मुलुंडला तळमजल्यावर राहतो आणि फ्लॅटच्या मागे आमच्या वाट्याची थोडी मोकळी जागा आहे. तिथे कपड्यांची दोरी आणि चार तुटक्या कुंड्या, बस्स. मला गोल्फ येत नाही, नवऱ्याला तर क्रिकेटही धड येत नाही. ग्रीन हवं होतं ते बाबांसाठी.

बाबा जालन्याकडून मुंबईत आले आणि गोल्फच्या मैदानावर कामाला लागले. एकतीस वर्षं त्यांनी तिथली ग्रीन्स सांभाळली. ग्रीन म्हणजे होलभोवतीचं अगदी बारीक कापलेलं गवत, जिथे चेंडू हळूच ढकलायचा असतो. स्वतः मात्र कधी खेळले नाहीत. स्टाफने स्टिकला हात लावायचा नाही, असा तिथला नियम होता.

आई गेल्यापासून ते मानखुर्दच्या खोलीत एकटेच राहायचे. मागच्या वर्षी चक्कर येऊन पडले, शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं आणि मला कळलं दुसऱ्या दिवशी. तेव्हापासून मी मागे लागले होते, इकडे राहायला या म्हणून. उत्तर ठरलेलं, "तुझ्या घरात मी काय करू? भिंती बघत बसू?" शेवटी ग्रीनचं सांगितलं, तेव्हा म्हणाले, "आठ दिवस येतो. करमलं तर बघू."

आले ते एक कापडी पिशवी घेऊन. ती दाराशीच ठेवली. मी कपाटाचा एक कप्पा रिकामा करून दिला होता, पण हे रोज पिशवीतून सदरा काढणार आणि पुन्हा चेन लावून ठेवणार. येताजाता ती पिशवी पायात यायची आणि माझं डोकं फिरायचं.

दुसऱ्या दिवशी कंत्राटदार आला. जोगेश्वरीचा, पन्नाशीचा, तोंडाने चालू. "मॅडम, एकदम झकास करून देतो, प्लॅस्टिकचं गवत, पाणी नको, कापणं नको, काही बघायलाच नको!" बाबांसमोर हे बोलायची काय गरज होती? माती काढली, खडी पसरली, वर दगडाची बारीक कच टाकून धुम्मसाने ठोकून घेतली. बाबा खुर्चीवरून बघत होते. सगळं झाल्यावर ते उठले, तांब्याभर पाणी आणलं आणि कचीवर ओतलं. पाणी सरळ आमच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे निघालं.

"पावसाळ्यात पोळ्या पोहतील तुझ्या," बाबा मला म्हणाले.

कंत्राटदाराने तोंड वाकडं केलं, पण उतार पुन्हा केला. मला इतका आनंद झाला! वाटलं, रमले.

मग त्याने विचारलं, "काका, होल कुठे पाडू?"

"आजचं?" बाबांनी विचारलं.

"आजचं काय काका, एकदाच पाडायचं. कायमचं."

बाबा आधी म्हणाले, कोपऱ्यात. मग म्हणाले, नको. मग तासभर नुसते फिरत राहिले. दुसरा दिवसही असाच गेला. गवताचा गुंडाळा भिंतीला टेकून उभा, कंत्राटदाराची माणसं बसून. मी ऑफिसातून अंधेरीहून वैतागून आलेली, बघते तर सगळं जिथल्या तिथे. माझा पारा चढला.

"अहो बाबा, एक भोक पाडायचंय, मुलीला स्थळ नाही बघायचं!"

ते शांतपणे म्हणाले, "होल रोज बदलतात, पोरी. एकाच जागी ठेवलं तर पाय पडून पडून तिथलं गवत मरतं. रोज सकाळी अंधारात मी जुनं बुजवायचो आणि नवीन पाडायचो. कुठे, ते मी ठरवायचो. साहेबांना नाही विचारायचो."

"पण हे प्लॅस्टिक आहे. हे मरणार नाही."

"तेच तर," बाबा म्हणाले. "मग इथं माझं काय काम?"

एवढा खटाटोप करून मी त्यांना पुन्हा भिंतच दिली होती, हिरवी. खूप वाईट वाटलं आणि स्वतःचाच रागही आला.

तोडगा काढला कंत्राटदाराने, तोही वैतागून. सकाळी आला आणि हात जोडून म्हणाला, "काका, पाच पाडतो. पाचांना पण याच गवताची झाकणं देतो. रोज एक उघडा, चार बंद ठेवा. पण माझी सुटका करा!" बाबांनी त्याच्याकडे बघितलं आणि आल्यापासून पहिल्यांदा हसले. मग खडू घेऊन पाच खुणा केल्या त्या पाच मिनिटांत.

आठव्या दिवशी संध्याकाळी काम संपलं. बाबा जेवले आणि झोपले. जायचं की राहायचं, एक अक्षर नाही. माझी विचारायची हिंमतच झाली नाही.

सकाळी उठले तर दाराशी पिशवी नव्हती. चप्पलही न घालता मागे धावले.

बाबा गुडघ्यावर बसून भिंतीजवळच्या होलचं झाकण काढत होते. सगळ्यात अवघड जागा ती, मधे चढ. मी आणलेली स्टिक त्यांनी माझ्याकडे सरकवली. "तुम्ही मारा ना," मी म्हटलं. "मला कुठं येतं? तू मार. मी बघतो."

मी चेंडू मांडला. तेवढ्यात डोक्यावर थेंब पडला. वर बघितलं तर दोरीवर पिशवी उलटी टांगलेली, धुतलेली, पाणी गळत होतं.

"बाबा, ही..."

"तिकडनं नको मारू," बाबा म्हणाले. "पिशवीखाली ओलं आहे, बॉल अडकेल. ती वाळली की उचलून माळ्यावर टाक."