वीसजणींचा नियम

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, लेकीला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? — माहीत नाही. पण आज सांगते.

आधी अभिमानाचं सांगते. त्याला मला वेळ लागत नाही. चंदगड तालुक्यातल्या आमच्या गावात पहिला बचत गट मी काढला, नव्वदीच्या अखेरीस. ज्या बायकांनी बँकेचं दार फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिलं होतं, त्या साहेबांसमोर खुर्चीत बसून सही करायला लागल्या. एकेकीचा अंगठा सुटला तसे आम्ही पेढे वाटले! लोक मला 'गटवाल्या वैनी' म्हणायला लागले. आवडायचं मला — का आवडू नये?

पण आज पंचक्रोशीत नाव आहे ते माझ्या गटाचं नाही. ते शालनच्या गटाचं. आणि तो गट कसा निघाला, हे गाव सांगतं तसं नाही.

शालन बौद्ध वस्तीतली. आमच्याच काजूच्या बागेत मजुरीला यायची. माझ्याहून लहान, बोलायला फटकळ. एकदा आत बैठक चालू असताना ती अंगणात आली आणि मला हाक मारली. "वैनी, आमाला बी घ्या की गटात. मी आन् आमच्या दोघी हाय."

एका गटात जास्तीत जास्त वीसजणी चालतात, असा नियम. आम्ही किती होतो? — सांगते, थांबा. बैठक माझ्या घराच्या पुढच्या सोप्यात भरायची. एकाच सतरंजीवर सगळ्या, मग माझ्याच कपांतून चहा. शालन त्या सतरंजीवर बसली तर कोण उठून जाईल, कोण चहा नको म्हणेल, हे सगळं मी उंबऱ्यात उभ्या उभ्या मनात घोळवलं. सासूबाईंवर ढकलता आलं असतं. पण त्यांना मी विचारलंच नव्हतं. कुणालाच विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "वीस झाल्या गं. वीसच्या वर चालत न्हाईत, नियमच हाय."

आम्ही सतराजणी होतो. तिघींना जागा होती — अगदी मोजून.

"बरं. नियम हाय म्हटल्यावर काय," ती म्हणाली आणि गेली. मी आत येऊन चहा टाकला.

पुढचं सगळं तिचं. पंधरा दिवसांत वस्तीतल्या बाराजणी घेऊन ती बँकेत गेली. साहेब म्हणाले, नंतर या. या बायका पायऱ्यांवर बसल्या, भाकरीची फडकी सोडली, जेवल्या आणि खातं उघडूनच उठल्या! मग कर्ज काढून काजू फोडायची यंत्रं आणली. काजूच्या टरफलातल्या तेलानं हात काळे झाले, बोटांची सालं निघाली. पण काही वर्षांतच त्यांचा काजूगर थेट कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या व्यापाऱ्याकडं जायला लागला. काम इतकं वाढलं की माणसं पुरेनात. तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायका, माझ्या सतरंजीवरच्याच, शालनच्या शेडमध्ये कामाला गेल्या. तिथलाच चहा पिऊ लागल्या. एकीनंही नको म्हटलं नाही. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? आणि मान खाली गेली, तेही खरं.

कोल्हापुरात तिच्या गटाचा सत्कार झाला. मलाही आग्रहानं नेलं. शालन माइकसमोर उभी राहिली, जराही अडखळली नाही. "वैनींनी वीसचा नियम सांगिटला, म्हणून आमचा गट निगाला. न्हायतर आमी त्यांच्याच मागं बसलो असतो!" सभागृह दणाणून गेलं. तिनं मला वर बोलावलं. एकच वाक्य बोलायचं होतं मला तिथं. माइक हाताच्या अंतरावर होता — आणि मी हात जोडून उभी.

माझ्या खांद्यावर शाल घालताना ती कानाशी हळूच म्हणाली, "सतराच हुता तुमी. भाईरच्या चपला मोजल्या हुत्या मी."

मी शाल सावरली आणि फोटोसाठी हसले.