त्सिसानाबाईंचं विरजण

त्सिसानाबाईंना कुणी मेणबत्ती म्हटलं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आणि इमेरेती प्रांतातल्या त्या डोंगरकुशीच्या गावात हे बोलणं टळायचं म्हणून नाही. लग्न असो, बारसं असो, मेज भरलं की गावाचा तमादा अंबाको उठणार. तमादाच्या शब्दावर मेज चालतं. तो ज्याचं नाव घेईल त्याच्यासाठी सगळ्यांनी प्यायचं. आईवडील झाले, गेलेले झाले, की तो पेला उचलून बाईंकडे वळायचा. "शिक्षक म्हणजे मेणबत्ती. स्वतः जळते, जगाला उजेड देते."

लोक माना डोलवायचे, पेले रिकामे व्हायचे. ह्याच लोकांच्या शाळेत हिवाळ्यात चुलाण्याला लाकूड नसायचं, पोरं कोट घालून धडे वाचायची. लाकडं द्यायला कुणाचा हात उठत नव्हता, बाईंना मात्र सगळे खुशाल जाळायला निघाले होते.

बाई शाळेत भाषा शिकवायच्या आणि शाळा सुटल्यावर मोठ्या मुलांना शब्दांच्या जोड्या घालायला लावायच्या. विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत त्या येतात: सुतार आणि रंधा, तसं शिंपी आणि काय? बाईंचा नियम एकच. आधी नातं सांगायचं, मग शब्द. "सुतार रंध्यानं लाकूड गुळगुळीत करतो. आता हेच वाक्य शिंप्याला घालून बघ. कात्री बसते का? नाही बसत, कात्री कापते. मग इस्त्री बघ." पुस्तकात अनोळखी शब्द आला की पोरांनी अडायचं नाही, त्याचे सोयरे कोण ते आजूबाजूच्या ओळींत शोधायचं. अंबाकोची नात नेस्तान आली तेव्हा पान वाचताना ठेचकाळायची. दोन हिवाळ्यांत ती जाडजूड कादंबऱ्या फडशा पाडल्यासारख्या वाचायला लागली.

हे सगळं बाई मेज मांडून करायच्या. पेल्यांत आंबट आलुबुखाराचं सरबत. एकानं तमादा व्हायचं, उठून एक जोडी मांडायची आणि दुसऱ्याला अलावेर्दी द्यायची. मोठ्यांच्या मेजावर ज्याला अलावेर्दी मिळते त्याला तमादाचाच विषय पुढे न्यावा लागतो, पण शब्द स्वतःचे हवेत. तेच बोलणं पुन्हा बोलला तर लोक हसतात. वर्गातही तसंच. नातं तेच, जोडी नवी.

एका बुधवारी नेस्तान तमादा झाली आणि ही बातमी आजोबांच्या कानावर गेली. झालं. गुरुवारपासून नेस्तानची जागा रिकामी.

बाई तडक त्यांच्या फाटकाशी गेल्या. "पोरगी कुठाय?"

"कुतैसीला शिकवणीला घातली," अंबाको म्हणाला. "तिथे तयार जोड्या पाठ करून घेतात. तुमच्यासारखा तमाशा नाही करत."

"कसला तमाशा?"

"सरबताचे पेले काय, पोरीबाळी तमादा काय. बाई, आमच्या बापजाद्यांच्या मेजाची थट्टा चालवलीय तुम्ही."

"थट्टा तुम्ही चालवलीय, अंबाको. माझं लग्न झालं त्या दिवशी जी मेणबत्ती लावलीत तीच अजून लावताय. माझी पोरं रोज नवं बोलतात."

"परीक्षा उन्हाळ्यात आहे. मला नातीची सीट हवीय, नवं बोलणं नकोय."

"पाठ केलेली जोडी परीक्षेत आलीच नाही तर?"

"येईल," म्हणत त्यानं फाटक लावून घेतलं. रस्ताभर बाई संतापानं स्वतःशीच बोलत होत्या. ह्या गावात मात्सोनीचं, म्हणजे इथल्या दह्याचं, विरजण मागायला आलेल्या शेजारणीला कुणी रिकाम्या वाटीनं परत पाठवत नाही, आणि हा माणूस स्वतःच्या नातीची वाटी पालथी घालून बसला होता. पोरीचं एक वर्ष हातचं जाणार, ते कुणाच्या हट्टापायी?

मुख्याध्यापकांच्या नातवाच्या बारशाला सगळं गाव जमलं. अंबाको उठला. मेणबत्ती लागली. मग शिकवणीचा प्रताप दाखवायची त्याला हुक्की आली. "अलावेर्दी माझ्या नेस्तानला," तो म्हणाला. "शहरात शिकते ती. बोल, बाळा."

नेस्तान उठली. "आजोबा, ही जोडी बसत नाही," ती म्हणाली. "मेणबत्ती संपली की खोलीत पुन्हा अंधार होतो. त्सिसानाबाई घरी गेल्या तरी मला वाचता येतंच की. शिक्षक विरजणासारखा असतो. दुधात चमचाभर पडतो, सगळं दूध दही होतं, आणि मग त्याच दह्याचं विरजण शेजारी नेतात."

बायकांच्या बाजूनं कुणीतरी "वा गं पोरी" म्हटलं. मुख्याध्यापक हसू लपवायला रुमाल शोधू लागले. बाईंचे डोळे भरून आले आणि त्याचाही त्यांना रागच आला. अंबाको लालबुंद. "बस खाली," एवढंच तो म्हणाला. सोमवारी नेस्तान पुन्हा कुतैसीच्या गाडीत.

इतकं होऊनही. बाईंनी त्या आठवड्यात फळ्यावर दोन खडू मोडले.

मग गावात एक लग्न निघालं. आईवडील झाले, गेलेले झाले. अंबाको बाईंकडे वळला, पेला उंचावला आणि भरल्या गळ्यानं म्हणाला, "मी नेहमी सांगत आलोय. शिक्षक म्हणजे विरजण. दुधात चमचाभर पडतो, सगळं दूध दही होतं."

पाहुण्यांकडची मंडळी वाहवा करू लागली. मेजाच्या टोकाला नेस्तान खाली मान घालून पाव कुस्करत होती. नेहमी म्हणे. मेल्याला लाज कशी वाटत नाही, बाईंच्या मनात आलं, आणि त्या उठल्याच.

"अंबाको, अलावेर्दी मला द्या."

भर मेजावर मागितल्यावर तमादा नाही कसं म्हणणार? त्यानं दिली.

"अंबाको बोलले ते सोळा आणे खरं," बाई म्हणाल्या. "पण विरजण कपाटात ठेवून दही लागत नाही, ते दुधात पडावं लागतं. ह्यांच्या घरचं दूध कुतैसीला नुसतं उकळतंय. सोमवारी ते भांडं हे माझ्याकडे पाठवताहेत, त्यासाठी मी पिते."

सगळं मेज उभं राहिलं. आता न पिणं म्हणजे तमादानं स्वतःच्याच शब्दावर थुंकणं. अंबाकोनं बाईंकडे बघितलं, नातीकडे बघितलं आणि पेला घशाखाली उतरवला. त्याला ती वाइन कडू लागली असेल तर लागो.

सोमवारी नेस्तान पहिल्या बाकावर हजर. सरबताचा पेला हातात घेऊन तिनंच सुरुवात केली. "कोकिळा आणि दुसऱ्या पाखराचं घरटं, तसं माझे आजोबा आणि दुसऱ्याचं बोलणं."

वर्ग फिदीफिदी हसला. बाई हसल्या नाहीत.

"नातं सांग आधी. कोकिळा काय करते?"

"आपलं अंडं दुसऱ्याच्या घरट्यात घालते."

"आणि तुझे आजोबा?"

नेस्ताननं पेला खाली ठेवला. "दुसऱ्याचं अंडं आपल्या घरट्यात ठेवतात."

"मग उलटी झाली जोडी," बाई म्हणाल्या. "मोड ती आणि पुन्हा जुळव."