टपावरचं सामान

आईची अट एकच होती. मागच्या सीटवर पाय लांब करून बसता आलं तर ती बर्फ बघायला येणार, नाहीतर नाही. गुडघा वाकवून फार वेळ बसणं तिला आता जमत नाही. हिवाळ्यात ती अकोल्याहून दिल्लीला आमच्याकडे येते, दर वेळी डोंगरात जायचं ठरतं आणि दर वेळी माझ्या ऑफिसात काहीतरी तातडीचं निघतं. या वर्षी रजा मंजूर झाली. आता सगळं त्या गुडघ्यावर होतं.

आमची गाडी उंच, चारही चाकांत जोर असलेली. मी ती डोंगरदऱ्यांसाठी म्हणून घेतली आणि ती मला नोएडाला मीटिंगला नेते. याचं मला वाईट वाटतं. मला बऱ्याच गोष्टींचं वाईट वाटतं. पण अशा गाड्यांची डिकी असते लहान, चौघांचं हिवाळी सामान तिच्यात मावत नाही, आणि उरलेलं मागच्या सीटवर गेलं की आईचे पाय कुठे जाणार? म्हणून टपावर कॅरियर बसवायचं ठरलं.

करोल बागेत दुकानदारानं दोन नमुने दाखवले. एक काळं लोखंडी, चारी बाजूंनी कठडा असलेलं; दुसरं अॅल्युमिनियमचं, सपाट, कपडे वाळत घालायच्या स्टँडसारखं. "इस में गाड़ी शेर लगेगी, सर," काळ्यावर थाप मारून तो म्हणाला. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला आईचा गुडघा आठवत नव्हता. वाळवंटातून धूळ उडवत जाणारा मीच मला दिसत होतो. बायकोनं विचारलं, याचं वजन किती. टपाला झेपणारं वजन ठरलेलं असतं आणि कॅरियरचं स्वतःचं वजनही त्यातच धरायचं, हे तेव्हा कळलं. लोखंडी कॅरियरच त्यातला मोठा वाटा खाऊन टाकत होतं.

मी तिथे काही ठरवलं नाही. घरी येऊन, आयुष्यभर ऑफिसात जे केलं तेच केलं. तुलनात्मक तक्ता बनवला. वजन, उंची, गंज, खालच्या पट्टीला रबर आहे की नाही. तक्ता बायकोपुढे ठेवला, तिनं न वाचताच मंजुरी दिली. सपाट कॅरियर जिंकलं. शेर गेल्याची हळहळ मला काही दिवस लागून राहिली, हे इथे नोंदवतो.

बसवून पहिल्यांदा हायवेवर नेलं तर वेग वाढताच टपावरून शिटी वाजायला लागली. आई मागून शांतपणे म्हणाली, "गाडीत कुकर लावलाय का रे?" मुलीनं फोनवर शोधून सांगितलं, "बाबा, पुढच्या दांड्यावर दोरी गोल गोल लपेटायची, मग हवा कटते, बिल्कुल आवाज नाही येत." गाडीत दोरी नव्हती. आईनं पिशवीतून परकराची नवी नाडी काढली. मी कुरकुरलो, पण दांड्याला ती पीळ देत गुंडाळली आणि शिटी थांबली. गाडीची इज्जत गेली असं मला वाटलं. आईला मात्र तेव्हापासून ते कॅरियर आपलंच वाटायला लागलं.

त्यानंतर दर रविवारी मी स्टुलावर चढायचो. बोल्ट नव्यानं बसवले की थोड्या प्रवासानंतर सैल पडतात, ते आवळायचे; रबराखाली धूळ साचली की रंगावर ओरखडे उठतात, म्हणून ती पुसायची. शेजारचे गृहस्थ फाटकातून दर वेळी विचारायचे, गाडीची मालिश झाली का. मी हसायचो. मला ते काम मनापासून आवडत होतं, आणि सुट्टीचा दिवस आपण अशा सुखात घालवतो याबद्दल थोडं अपराधीही वाटत होतं.

निघायच्या सकाळी आम्ही रचून सामान बांधलं. जड बॅगा डिकीत, हलकं सगळं वर: गाद्या, रजया, स्वेटरांचं गाठोडं, वर ताडपत्री. आई मागे ऐसपैस बसली, पाय मुलीच्या मांडीवर. गाडी कॉलनीच्या गेटाशी आली आणि मी ब्रेक दाबला. ट्रक आत येऊ नयेत म्हणून गेटावर आडवा लोखंडी दांडा आहे. रिकामं कॅरियर त्याखालून जातं, हे मी स्वतः उतरून तपासलं होतं. भरलेलं जात नव्हतं.

"अहो, तक्त्यात सगळं होतं," बायको म्हणाली, "फक्त गेट नव्हतं."

एवढं सामान मागे घेतलं तर आईचे पाय गेले. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं काच खाली केली आणि म्हणाली, "इकडे काय बघतोस? मी उतरायची नाही. सामान उतरव."

मग सगळं सुटलं. ताडपत्री, रजया, गाद्या. मॉर्निंग वॉकवाले थांबले. त्यांतल्या एका बंगाली काकूंनी गाठोडं उचललं, शेजारच्या गृहस्थांनी गादी डोक्यावर घेतली आणि मालिशवाल्याला मदत करतोय असं सगळ्यांना सांगितलं. सामान गेटाखालून पायी गेलं, मागून गाडी गेली, पलीकडे पुन्हा सगळं टपावर चढलं. थर्मासातला चहा रस्त्यातच वाटून संपला. आई खिडकीतून सूचना देत होती, गाठ उलटी आहे, ती रजई आधी. एवढी खूश ती घरच्या कुठल्याही कार्यात दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी एका वळणानंतर रस्त्याच्या कडेला बर्फ लागलं. गाडी थांबवली. आई पाय न आखडता उतरली, बायकोचा हात धरून चार पावलं गेली, वाकली आणि मूठभर बर्फ उचललं.

"टीव्हीत असतं तेवढं पांढरं नाही," ती म्हणाली. मग दुसऱ्या हातातही घेतलं.

मुलीनं तिला छोटा गोळा मारला. आईनं तिला मोठा मारला. वारा बोचरा होता, पुढे चढ होता, आणि ती गाडीकडे वळायचं नाव घेईना. मला राहवलं नाही. मी विचारलं, "आई, गुडघा दुखत असेल ना?"

"दुखतोय," ती म्हणाली. "दुखू दे." आणि बायकोचा हात सोडून चढाकडे निघाली.