एकाच मुठीच्या दोन सुऱ्या

ती सुरी अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. चामड्याच्या म्यानात ती अशी घट्ट बसली होती, की पंचनाम्याच्या वेळी एका शिपायाने म्यान धरलं, दुसऱ्याने मूठ ओढली, तरी बोटभरसुद्धा बाहेर आली नाही. म्यानाच्या तोंडाशी तांबडा गंज साचला होता.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. लालबाग-परळात रोज मोर्चा, रोज बंदोबस्त. आमची खाकी दिसली की चाळीच्या गॅलऱ्यांतून शिव्या यायच्या, आणि शिव्या देणारे आमचेच गाववाले असायचे. मी शिपायापासून चढत फौजदार झालो होतो. माझ्या वर इन्स्पेक्टर म्हणून एक पदवीधर तरुण बसला होता. चार वर्षांपूर्वी तो नवा फौजदार म्हणून आला तेव्हा पंचनामा कसा लिहायचा, पंच कुठून धरून आणायचे, हे त्याला मी शिकवलं होतं. आता तो मला "या, बसा" म्हणायचा. फार अदबीने म्हणायचा, आणि तेच मला जास्त झोंबायचं.

अशा वातावरणात एक खाणावळवाली मावशी स्वतःच्या पायांनी ठाण्यात आली, तेव्हाच मी समजलो की बाईच्या पोटात काहीतरी सलतंय.

"सायबानू, माज्या खाणावळीतलो एक झील हास्पिटलात पडलोहा," ती म्हणाली. "सुरयेची निगा राखूक नाय म्हणान कंपनी त्येका कामावरना काडता. ह्यो खयचो न्याय? रोज माज्याकडसून खोबऱ्याचा तेल मागून नेय तो. सुरयेक लावूक."

"मावशी, हे कंपनीला जाऊन सांग."

"कंपनी माजा आयकता? तुमी तरी खय आयकतास. लिवन तरी घ्या."

लिहून घेतलं. तो मुलगा पाणबुड्या होता. बंदरात बुडालेले पडाव वर काढणाऱ्या एका खाजगी कंपनीत नोकरीला. तोवर पाणबुडे पितळी टोप आणि जड पोशाख घालून, वरून नळीने हवा घेत उतरायचे. कंपनीने नुकतीच पाठीवर हवेची टाकी बांधून उतरायची नवी तऱ्हा आणली होती, आणि त्यासाठी जुन्या माणसांना वगळून या पंचविशीतल्या मुलाला निवडलं होतं. तळाशी तो जुन्या जाळ्यात अडकला. कमरेची सुरी निघेना. वर बार्जवर, म्हणजे कंपनीच्या सपाट बोटीवर, त्याची दोरी धरलेल्या माणसाने जीव खाऊन त्याला जाळ्यासकट वर ओढला, म्हणून वाचला. पण इतक्या झपाट्याने वर आल्यामुळे त्याचा एक कान कायमचा गेला.

दोरी धरणारा माणूस त्याच्याच गावचा, कंपनीतला सर्वांत जुना पाणबुड्या. त्यानेच मुलाला कोकणातून आणलं, धंदा शिकवला. दोघे लालबागला गाववाल्यांच्या एकाच खोलीत राहायचे. त्या खोलीत वीस माणसं, प्रत्येकाची एक ट्रंक, एक खुंटी. दुसऱ्याच्या खुंटीला कुणी हात लावत नसे, हा तिथला कायदा.

इस्पितळात मी मुलाचा जबाब घेतला. चांगल्या कानाशी तोंड नेऊन बोलावं लागत होतं.

"सुरी कुठली?"

"भुलेश्वरामागच्या दुकानातली. न गंजणारी. माझी दोरी धरणारे काका बरोबर होते, त्यांनीच निवडून दिली."

"मग गंजली कशी?"

"तेच कळत नाय साहेब. घरी होतो तोवर रोज नळाच्या पाण्यानं धुतली, तेल लावलं. मग आठ दिवस बार्जवर होतो. तिथं प्यायला पाणी मोजून, धुवायला कुठलं? पण न गंजणारी म्हणून निर्धास्त होतो. तिथं म्यानातून काढायची वेळच आली नव्हती."

माझा पहिला संशय दुकानदारावर. खोटा माल विकला असणार. आमच्या तरुण इन्स्पेक्टर साहेबांनी त्याला समन्स काढून बोलवायला सांगितलं. मी ऐकलं नाही. भाव करताना माणूस जितकं खरं बोलतो तितकं जबाब देताना बोलत नाही, हा माझा अनुभव. मी साधे कपडे घातले आणि गिऱ्हाईक म्हणून गेलो.

"खाऱ्या पाण्यात नेणार की गोड्या?" दुकानदाराने विचारलं.

"खाऱ्या."

त्याने पितळी मुठीच्या दोन सुऱ्या पुढे ठेवल्या. दिसायला जुळ्या बहिणी. "ही घ्या. हिला मीठ खात नाय. धार जरा लवकर जाते, महिन्याला घासायची. आणि ही दुसरी साध्या पोलादाची. धार एक नंबर, पण दर्यात नेली की आठवड्यात लाल."

"दोन्ही सारख्याच दिसतात. एकीला तिप्पट भाव कसला? मला काय गावठी समजलास?"

तो चिडला. लिंबू मागवलं, दोन्ही सुऱ्यांनी चिरलं आणि पाती तशीच ओली ठेवली. आमची घासाघीस चालू होती तोवर दुसरीच्या पात्यावर काळपट निळे डाग उमटले. पहिली होती तशी चकचकीत. तरीही मी भाव सोडला नाही. शेवटी तो वैतागून म्हणाला, "घ्यायची तर घ्या. इथं येणारा प्रत्येक दर्यावाला हीच नेतो. एकच शहाणा भेटला उलट्या डोक्याचा. गेल्या महिन्यात एका पोराला ही घेऊन दिली आणि दोन दिवसांनी एकटा येऊन तशीच मूठ, तसंच म्यान, पण साध्या पोलादाची मागितली. मी बोललो, ही सडेल. तो बोलला, मासळी कापायला पाहिजे. मासळी कापायला म्यान कशाला लागतं?"

मग मी माझी ओळख सांगितली. त्याचा चेहरा उतरला, पण जबाब त्याने चोख दिला.

जुन्या पाणबुड्याला ठाण्यात आणलं. साहेबांनी अदबीने विचारलं. मी टेबलावर हात आपटला, नको ते बोललो. दोन्ही वेळा तो एवढंच म्हणाला, "मी त्येका वर काडलंय. इचारा त्येका." ते खरंच होतं, आणि तिथेच आमचं घोडं अडत होतं. बुडवणारा माणूस दोरी ओढेल कशाला?

दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्तावर गेले. मी दोन चहा मागवले आणि त्याच्या समोर नुसता बसलो. मला बोलायचं नव्हतं, पण बोललो. पलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"ती खुर्ची दिसते? तिच्यात बसतो त्याला लिहायला मी शिकवलं. आज माझ्या रजेच्या अर्जावर तो सही करतो."

त्याने पहिल्यांदा मान वर केली.

"मगे तुमी काय केलात?"

माझ्या खणात एक कागद होता. एका मोर्चाच्या दिवशी साहेबांनी पकडलेल्या एका सत्याग्रही मास्तरांना मागच्या दाराने सोडलं होतं. ते त्यांचे शाळेतले मास्तर. मी ते पाहिलं होतं आणि वरिष्ठांना पाठवायला निनावी अर्ज लिहून ठेवला होता, डाव्या हाताने, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून. नोकरी जाईल असं काही मला नको होतं. जरा बदली व्हावी, जरा मान खाली जावी, एवढंच.

"अजून काही नाही," मी म्हणालो.

"करू नकात." त्याने चहा बाजूला सारला. "बार्जर जावच्या आदल्या राती त्येच्या खुंटयेवरची सुरी मीच बदललंय. पण माका त्येका बुडवूचा नव्हता, सायबानू. सुरी गंजली असती, कंपनीन बोल लावलो असतो, टाकी माका गावली असती. इतक्याच. जाळ्याचा माज्या मनात इला नाय."

"आणि मुलाची खरी सुरी?"

"माज्या ट्रंकेत. दर्यात टाकूची होती. पण इतकी बरी वस्तू, टाकूक जीव झालो नाय."

पंचांसमक्ष ट्रंक उघडली. सुरी जुन्या धोतराच्या फडक्यात होती, धुतलेली, तेल लावलेली. मारण्याचा इरादा नव्हता असं मी कागदावर स्वच्छ लिहिलं, म्हणून त्याला शिक्षा कमी लागली. कंपनीने मुलाला परत घेतलं, पण फुटलेल्या कानाने पुन्हा खाली उतरता येत नाही. तो बार्जवर दोरी धरू लागला. टाकी तिसऱ्याच कुणाला मिळाली.

तपासाची शाबासकी साहेबांच्या नावावर जमा झाली. लिंबू, घासाघीस, चहा, यांतलं काही त्यात नव्हतं.

ट्रंक जप्त करून आलो त्याच संध्याकाळी मी खणातला कागद काढून फाडत होतो. साहेब आत आले.

"काय फाडताय?"

"रद्दी."

"मला वाटलं, माझं काही चुकलं की काय," ते हसत म्हणाले आणि बाहेर गेले.

हेवा ही गोष्ट गुन्हेगारांच्याच घरी राहते असं मी तोवर समजत होतो. त्या माणसाचा कबुलीजबाब लिहिताना प्रत्येक वाक्य मला आपलंच वाटलं. फरक इतकाच की त्याने सुरी मुलाच्या म्यानात घातली होती, माझी अजून खणात होती. साहेब पुढे फार वर गेले. पेपरात त्यांचा फोटो दिसला की मी आजही पान उलटतो.