काचेवरचं शेवाळ

उमरग्याच्या घरात मी हौसेनं खाऱ्या पाण्यातले मासे पाळले. पण टाकीच्या काचेवर सारखं शेवाळ चढायचं. पाणी बदललं, दिवा कमी वेळ लावला, तरी तेच. वैतागून गेलो होतो. मग एक दिवस जेवणाआधी वडील टाकीत भाकरीचा चुरा टाकताना दिसले. तोच कुजून शेवाळाला खत मिळत होतं. मी त्यांच्यावर नको तेवढा ओरडलो.

जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. म्हणाले, "मुक्या जनावराच्या आधी आपुन कसं जेवायचं रं?"

त्या दिवसापासून ते टाकीकडं खुर्चीची पाठ करून जेवायला बसू लागले.

आता वडील नाहीत. काच लख्ख आहे. तिच्यातून त्यांची खुर्ची स्वच्छ दिसते, अजून पाठमोरीच.