घाटनांदूरचा रुमाल आणि सहा कडू बाटल्या

मला प्रत्येक गोष्टीला गुण द्यायची खोड आहे. चहा, भजी, लॉजची चादर, लग्नातली जिलबी, काहीही सुटत नाही. नव्वदच्या दशकात मी पिंपरीच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होतो. दिवसभर सुटे भाग पास-नापास करायचे आणि तीच सवय घरी घेऊन यायची. बायकोने एकदा सुनावलं, "आमटीला गुण दिलेस तर उद्यापासून आमटी तू करायचीस." तेव्हापासून मी एक लाल वही केली आणि गुपचूप तिच्यात लिहू लागलो. परवा माळा आवरताना ती वही सापडली. बीड जिल्ह्यातल्या तीन दिवसांचं पान उघडलं आणि आवरणं तिथेच राहिलं.

झालं असं, की अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये मन्मथचा फोन आला. मन्मथ म्हणजे औरंगाबादच्या हॉस्टेलमधला माझा खोलीमित्र, घाटनांदूरच्या चिंचेच्या व्यापाऱ्याचा मुलगा. दोन हजार साल उजाडलं की जगभरचे कॉम्प्युटर गडबडणार, म्हणून अमेरिकेने आपली जी पोरं बोलावून घेतली, त्यातला हा एक. म्हणाला, "मुंबईत उतरलोय. परवा गावाकडं चल माझ्यासंगं. आन तुझी ती वही घे बे, काम हाय."

पुण्यात आल्यावर त्याने माझ्या स्वयंपाकघरात बॅग उघडली. स्वेटरांत गुंडाळलेल्या सहा तपकिरी बाटल्या निघाल्या. बिअर, पण आपल्याकडे मिळायची तसली नव्हे. तिकडे ओरेगॉनमध्ये म्हणे लहान लहान भट्ट्या निघाल्या होत्या, दहा-बारा माणसं मिळून चालवलेल्या. ते लोक बिअरमध्ये हॉप्स नावाच्या वेलीची फुलं मुबलक घालत. त्या फुलांनी कडूपणा येतो, वासही येतो, आणि माल टिकतो. या प्रकाराचं नाव इंडिया पेल एल. जुन्या काळी इंग्रजांच्या जहाजातून इकडे येईपर्यंत टिकावी म्हणून ती अशी कडू करत, असं मन्मथने सांगितलं. नावात इंडिया, आणि इंडियात मी तिचं नावही ऐकलेलं नव्हतं.

आम्ही सकाळची एसटी धरली, बार्शी-कळंबवरून अंबाजोगाईला जाणारी. कुणी जाणार असाल तर डाव्या बाजूच्या खिडक्या सोडून द्या, दुपारपर्यंत ऊन तुमच्याच मांडीवर. बाटल्यांची बॅग मन्मथने पूर्ण प्रवास मांडीवर धरली. टेंभुर्णीचा वडा दहापैकी सहा. बार्शीचा चहा दोन रुपये आणि दोनच गुण. युसूफ वडगावला गाडी दहा मिनिटं थांबली, तिथे टपरीवर बर्फाच्या पेटीत परदेशी कोला आणि शेजारी मडक्यातलं ताक विकायला होतं. ताकाला आठ. कोला मन्मथने घेतला आणि अर्धा टाकून दिला.

वडगाव सुटल्यावर त्याने खरं काय ते सांगितलं. कॉम्प्युटरची नोकरी त्याने चार महिन्यांपूर्वीच सोडली होती. तो एका भट्टीवर काम करत होता. आधी पोती उचलली, पिंपं घासली, आता मालकाने त्याला स्वतःच्या हाताने एक घाणा काढू दिला होता. सहातली एक बाटली त्या घाण्याची होती. मालक म्हणत होता, कायमचा राहा.

"अण्णांना सांगितलंस?" मी विचारलं.

"न्हाई. पण सांगितल्याबगर परत जाणार न्हाई. ते नको म्हणले तर भट्टी सोडून देणार."

अण्णा म्हणजे त्याचे वडील. गळ्यात लिंग, घरात मांस-दारूचं नाव नाही, आणि मुलगा अमेरिकेत कॉम्प्युटरवाला आहे हे गावात सांगताना आवाज जरा मोठा. मला त्या क्षणी मन्मथची काळजी वाटली आणि थोडा रागही आला, की या भानगडीत मला कशाला ओढलं. तसं मी त्याला म्हणालोही. तो म्हणाला, "तू खरे गुण देतोस. बाकीचे सगळे मला चांगलंच म्हणतात."

अंबाजोगाईहून काळीपिवळी जीपने घाटनांदूर गाठलं. माणशी भाडं फार नाही, पण जीपमध्ये माणसंही तेवढीच जास्त. अण्णांचं दुकान बाजारपेठेत, मागे घर. मार्च म्हणजे चिंचेचा हंगाम, त्यामुळे उंबऱ्यापासून आंबट वास. अण्णा गादीवर बसले होते, समोर एक शेतकरी. अण्णांनी चिंचेच्या गराचा एक तुकडा उचलला, नाकाशी धरला, कोपरा दाताने चाखला आणि खुंटीवरचा मोठा सुती रुमाल ओढून घेतला. दोघांचे हात रुमालाखाली गेले. तोंडाने कुणी काही बोललं नाही, रुमाल मात्र दोनदा हलला. शेतकरी हसला. सौदा झाला.

बाजार समितीत उघडा लिलाव असायचा, पण जुन्या माणसांचा व्यवहार अजून असा बोटांवर चाले. जेवढी बोटं दाबली तेवढा भाव. मी न राहवून विचारलं, "अण्णा, कितीला ठरलं?"

"पाव्हणं, रुमालाखालचं रुमालाखाली," अण्णा म्हणाले. "तिसऱ्याला सांगायचं न्हाई, असा कायदा हाय. माझ्या वडलांचा रुमाल हाय ह्यो."

जेवायला धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. दहापैकी दहा, आणि हे दहा मी आजही मागे घ्यायला तयार नाही. मन्मथ मान खाली घालून जेवत होता. अण्णांनी विचारलं, "साहेब बरा हाय का तुझा?" तो म्हणाला, "बरा हाय." त्या दिवशी एवढंच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धर्मापुरीला निघालो. घरी सांगितलं, देऊळ बघायला जातो. ते खोटं नव्हतं. देऊळ जरूर बघा, बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्तींसाठी तास राखून ठेवा आणि पायात काहीतरी असेल तर दारापर्यंत घालूनच जा, फरशी तापते. पण खरं काम जवळच होतं, दत्ताच्या शेतात. दत्ता हा मन्मथचा शाळेतला दोस्त, ऊस आणि ज्वारी करणारा, आवाज गावभर ऐकू जाईल असा. उन्हात बाटल्या कोमट झालेल्या. त्याने त्या गोणपाटात बांधल्या आणि दोराने विहिरीत सोडल्या. "दोन तासात फ्रीजसारख्या हुतेत," म्हणाला.

देऊळ पाहून आलो तोवर त्या गार झाल्या होत्या, हे खरं. पण गोणपाट वर काढलं तेव्हा सहाही बाटल्यांवरचे कागद सुटून आत लगदा झाला होता. बुचं सगळ्यांची सारखीच कोरी. कोणती कुणाची, काही कळायला मार्ग नाही. मन्मथ विहिरीच्या काठावर मटकन बसला.

"कावून तोंड पाडलास?" दत्ता म्हणाला. "उलट बरं झालं. आता तुझी म्हणून कुणी लाज राखणार न्हाई."

त्याचं लक्ष बाटल्या ज्या फडक्यात बांधून आणल्या होत्या तिकडे गेलं. त्याने ते झटकलं आणि डोळे मोठे केले. "आरं, ह्यो तर अण्णाचा सौद्याचा रुमाल!" सकाळी अंधाऱ्या दुकानातून निघताना बाटल्या वाजू नयेत म्हणून मन्मथने हाताला आलं ते फडकं उचललं होतं. सात जन्मांत दुसऱ्या कुणाकडून अशी चूक झाली नसती. आता काय करणार? संध्याकाळी परत नेऊन टांगू, असं ठरलं.

आणि रुमाल होताच, तर गुण रुमालाखालीच द्यायचे ही कल्पना दत्ताची. तोंडाने सांगितले की दुसरा त्याच्याच मागे जातो. माझे दहापैकीचे गुण त्याने तिथल्या तिथे रद्द केले. "हाताला बोटं पाचच. पाचातच दे." मन्मथ मधला दलाल झाला, त्याने प्यायचं नाही. आंब्याच्या सावलीत बाटल्या ओळीने मांडल्या, पहिलीपुढे एक चिंचोका, दुसरीपुढे दोन, असे सहापर्यंत. स्टीलचे पेले होते. प्रत्येक बाटलीत वासापुरती थोडी शिल्लक ठेवायची, म्हणजे पुन्हा ताडून बघता येईल, हा नियम माझा.

पहिल्या घोटाला दत्ताने तोंड वाकडं केलं. "कडूलिंबाचा काढा हाय बे ह्यो. ह्याचे पैसे देतेत लोकं?" पण पेला खाली ठेवला नाही. मला पपनसाच्या सालीची आठवण झाली. दुसरी पातळ. तिसरी तोंडात आली तेव्हा नुसता कडूपणा, जिभेवर चढून बसलेला, आणि मागून भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी चव. मी मन्मथची दोन बोटं दाबली. चौथीत कैरीच्या देठाचा चीक होता, अगदी तोच झणका. पाचवी मात्र वेगळी. नाकाशी नेली तेव्हा संत्र्याची साल, पाड लागलेला आंबा, शेवटी कडू, पण पुढचा घोट मागून घेणारं कडू. मी चार बोटं दाबली. सहावी गुळचट, दत्ताला आवडली.

"म्हंजे ही जहाजातनं इकडं यायची," दत्ता पेला बघत म्हणाला, "आन आता माहेरपणाला आली म्हणायची. लई वर्सं लावली."

वहीत मी आकडे उतरवून घेतले. तिसरीला दत्ताचा एक, माझे दोन. पाचवीला त्याचे पाच, माझे चार. मन्मथ पाचव्या बाटलीकडे ज्या नजरेने बघत होता, ते मला बघवेना. ती त्याची असावी असं मलाही फार वाटत होतं.

तेवढ्यात बांधावर मोपेडचा आवाज आला. अण्णा! सौद्याची वेळ, खुंटीवर रुमाल नाही, आणि मन्मथच्या आईने सांगितलं असणार की पोरगा काहीतरी बांधून धर्मापुरीला गेला, आणि तिथे त्याचा दोस्त एकच, दत्ता. अण्णा चालत सावलीत आले. सहा बाटल्या, दोन पेले, मध्ये वडलांचा रुमाल. दत्ता उठून उभा राहिला आणि त्याने हातातला पेला पाठीमागे नेला.

मन्मथ बोलला. सगळं बोलला. कॉम्प्युटर सोडल्याचं, पोत्यांचं, पिंपांचं, मालक कायमचा राहा म्हणतो त्याचं. "अण्णा, मी हे बनवतो. तुमी न्हाई म्हणलाव तर सोडतो." मला वही कुठे लपवावी कळत नव्हतं.

अण्णांनी ओळीतल्या बाटल्या एकेक करून बघितल्या. मग म्हणाले, "ह्यातलं तुझं कोणतं?"

"म्हाईत न्हाई. चिठ्ठ्या हिरीत गेल्या."

"चिठ्ठी लागती?" अण्णांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "सोताचा माल चिठ्ठीबगर वळखू येत न्हाई, आन बनवतो म्हणतोस?"

मन्मथ गुडघ्यावर बसला. त्याने एकेक बाटली नाकाशी धरली. पहिली, दुसरी, चौथी, सहावी बाजूला सारली. तिसरी आणि पाचवी राहिली. सगळ्यांना गुण माहीत होते, फक्त अण्णांना नव्हते. पाचवी माझी म्हणाला असता तर कुणी खोटं पाडणार नव्हतं. विहिरीने साक्षी-पुरावे कधीच गिळले होते. त्याने तिसरीतला उरलेला घोट तोंडात घेतला, अण्णांच्या समोर, आणि डोळे मिटले.

"ही माझी," तो म्हणाला. "फुलं लई येळ उकळली मी. आन बाटलीत भरताना आत हवा गेली. वाईट हाय, अण्णा."

अण्णांनी तिसरी बाटली घेतली. तोंडाला लावली नाही, चिंच हुंगतात तशी हुंगली. मग पाचवी हुंगली. परत तिसरी. बाटली खाली ठेवून त्यांनी रुमाल उचलला, मन्मथच्या हातावर टाकला आणि आपला हात खाली घातला. रुमाल हलला नाही. फार वेळ हलला नाही. दत्ताने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. मग अण्णांनी हात काढला आणि म्हणाले, "घरात आणायचं न्हाई. तुझ्या आईला मी सांगीन, तू सांगू नको. पुढल्या बारीला पाचव्यासारखं कर."

मोपेड गेल्यावर मन्मथ रडला. दत्ताने विहिरीचं पाणी आणून दिलं आणि स्वतःही तोंड धुऊन आला, बराच वेळ लावून.

तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आम्हाला जीपपर्यंत सोडायला आले. रुमाल त्यांच्या खांद्यावर होता. जीप सुटताना त्यांनी तो खिडकीतून मन्मथला दिला. "ठिव. दुकानात टावेल हाय माझ्याकडं," म्हणाले, आणि ड्रायव्हरला निघायची खूण केली.

परतीच्या एसटीत मी मन्मथचा पिच्छा पुरवला. वहीत मी तिसरा रकाना आखला होता, वर अण्णांचं नाव. किती दिले ते सांग, लिहून टाकतो. तो म्हणाला, रुमालाखालचं रुमालाखाली. बार्शीला चहा पाजला, तरी नाही. मी चिडलो. तपासणी विभागातल्या माणसाला रिकामं घर सहन होत नाही.

तो भट्टीवरच राहिला. आता त्याची स्वतःची आहे, चांगली चालते. दरवर्षी नवा घाणा निघाला की मला फोटो येतो. तीन-चार वेळा पेल्याखाली तो रुमालही अंथरलेला दिसला. अण्णा गेले त्याला बरीच वर्षं झाली.

परवा वही सापडली तशी मी त्याला फोन लावला. म्हटलं, आता तरी सांग, एक घर रिकामं राहिलंय.

तिकडे त्याने भट्टीतला कसलासा नळ बंद केला. मग म्हणाला, "बोटं दाबलीच न्हाईत बे त्यांनी. नुसता हात धरलता."

मी वही उघडीच ठेवून बसलो. पेन हातात होतं, ते टोपण लावून ठेवलं. ते घर तसंच आहे.