चारही बाजूंनी दोन बोटं

माझे मोठे दीर बसवनगुडीत राहतात आणि त्यांना सगळं कळतं. त्यांचं घराणं बेंगळुरात येऊन चार पिढ्या झाल्या, एवढ्या एका कर्तबगारीवर त्यांनी आयुष्य काढलं. मी सोलापूरकडची. लग्न होऊन इथं आले आणि शहराबाहेर होसकोट्याच्या कारखान्यांना जेवण पुरवायचा धंदा माझा मी उभा केला. पाहुण्यांना ते माझी ओळख करून देतात ती अशी: "ही आमच्या तम्माची बायको. होसकोट्याला पोळ्या लाटते." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, माझा नवरा. माझ्याकडे पोळ्या लाटायला बारा बायका आहेत आणि मी कित्येक वर्षांत लाटणं हातात धरलेलं नाही, हे त्यांना सांगायचं मी सोडून दिलं.

दोन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या उजव्या पायाला, अंगठ्याच्या खाली, नव्या बुटाचा फोड आला. साखरेमुळे त्याच्या तळपायाला काही जाणवत नाही. मोजा चिकटून आला तेव्हा कुठं आम्हाला कळलं. त्या रविवारी दीर आले. पाय बघितला, चष्मा वर ढकलला आणि म्हणाले, "पट्टी कशाला बांधलीस? हळद दाब आणि स्वल्प हवा लागू दे. खपली धरली की सरी होतंय. आमच्याकडं चार पिढ्या हेच करतात."

सरी म्हणजे ठीक, स्वल्प म्हणजे थोडी. मी भडकले. नवरा म्हणाला, "अण्णा म्हणतोय तर बघू की."

आठ दिवस बघितलं. खपली धरली, जाड आणि पिवळीजर्द. दिरांनी फोनवरच विजय साजरा केला. नवव्या दिवशी नवऱ्याला ताप आला. सर्जननं खपली उचलली तर खाली पू साचलेला. सगळं साफ करून तो म्हणाला, "हाडापर्यंत गेलेलं नाही. औषध घ्या, पाय टेकवू नका. तीन आठवड्यांनी बघतो. तोवर जखम भरायला लागली नाही, तर अंगठा काढावा लागेल."

परत येताना नवरा रिक्षात म्हणाला, "एक बोट कमी झालं तर बूट स्वस्त देतात का विचार. तुला जमेल."

मी त्याला घरी उतरवलं आणि पाय उशीवर ठेवायला लावला.

पट्टी आणायला गेले तर दुकानातल्या टाय लावलेल्या माणसानं चांदीचा अंश असलेली, चकचकीत पाकिटातली पट्टी पुढं केली. "मॅडम, बेस्ट आहे. कुठल्याही जखमेला चालते." कुठल्याही भाजीला चालणारा मसाला विकणारे लोक मी पोत्यानं पाहिलेत. त्याला चार शब्द सुनावले आणि तावातावात साधं कापडी गॉझ घेऊन आले. त्याच्यावर मात केली असं मला वाटलं. ते गॉझ जखमेला असं चिकटलं की दुसऱ्या दिवशी ओढून काढताना रक्त आलं. नवऱ्याला दुखत नव्हतं. म्हणून मी आणखी ओढलं.

तेव्हा गेले आमच्या भागातल्या दवाखान्यात. तिथली नर्स निपाणीकडची, सगळे तिला अक्का म्हणतात. बोलते स्वच्छ मराठी, पण जखमेला कानडीतला 'गाय' हाच शब्द तिच्या तोंडात बसलेला.

"गाय कशी आहे?" तिनं विचारलं.

"गाय बरी आहे," नवरा म्हणाला, "दूध फार देते."

अक्का हसली नाही. तिनं सलाइननं गॉझ भिजवून, मिनिटभर थांबून, अलगद सोडवलं. "हे चिकटतं आणि निघताना नवी कातडी घेऊन जातं," ती मला म्हणाली. "तुमच्या बायकांना तव्याचं भाजलं तर ही तुपट जाळी लावायची, चिकटत नाही. नुसतं खरचटलं असेल तर ही पातळ पारदर्शक. गाय कोरडी पडली असेल तर जेल, म्हणजे ओल येते. ही तुमची वाहती आहे. हिला पिणारं पाहिजे."

तिनं समुद्री शेवाळापासून केलेला पांढरा कापसासारखा तुकडा जखमेत हलका ठेवला. दाबून भरला नाही. पाणी पिऊन त्याची लापशी होते म्हणे. वर फोमची जाड पट्टी.

"पण हवा?" मी विचारलं.

"कणीक मळून उघडी ठेवता?"

रोज पोतंभर कणकेवर ओलं फडकं टाकणारी बाई मी, आणि नवऱ्याचा पाय आठ दिवस वाळत घातला होता. मग सवयीनं घासाघीस सुरू केली. रोज बदलायची गरज काय? अक्का म्हणाली, रोज नकोच. फोमवरचा डाग कडेकडे सरकला की बदला. कडेला पोचेपर्यंत थांबू नका. मी जिंकल्यासारखी घरी आले.

आता माझं ऐका. माझ्या स्वयंपाकघरात कुठलीही घासणी अख्खी वापरली जात नाही. नवी आली की कात्रीनं दोन करायच्या, हा नियम. पुढची फोमची पट्टी उघडली तर ती जखमेच्या दुप्पट. बनवणाऱ्यांना शिव्या घातल्या आणि कापली. जखमेवर बरोब्बर बसली. उरलेली अर्धी डब्यात ठेवली.

चार दिवसांनी अक्कानं ती काढली. जखमेभोवतीची कातडी पांढरीफटक, सुरकुतलेली, दिवसभर भांडी घासल्यावर बोटं होतात तशी. कड सुटून जखम आधीपेक्षा मोठी झाली होती.

"कुणी कापली?"

"आमच्याकडं घासणीसुद्धा अख्खी मिळत नाही, अक्का," नवरा म्हणाला.

तिनं माझ्याकडं बघितलं. "चारही बाजूंनी दोन बोटं जास्त पाहिजे. पाणी कडेनं पसरतं, ते झेलणार कोण? तुम्ही जेवणं करता ना? भाताएवढंच पान मांडता का पाहुण्यापुढं?"

मला असं बोललेलं मी कुणाचं ऐकून घेत नाही. तिचं घेतलं. दिरांच्या हळदीनं अंगठा जितका धोक्यात आला होता, तितकाच माझ्या कात्रीनं. दोघं एकाच पंक्तीत बसलो होतो, आणि त्या पंक्तीचीच मला सगळ्यात जास्त चीड आली. डब्यातली अर्धी पट्टी घरी येऊन कचऱ्यात टाकली. अंगठ्यासाठी नऊ दिवस उरले होते. त्या नऊ दिवसांत दर वेळी माझी दोन बोटं कडेला लावून बघितली आणि मगच पट्टी बसवली. नवऱ्यानं पाय टेकवला की ओरडले. जखमेचं पाणी कमी झाल्यावर अक्कानं शेवाळ बंद केलं, नुसता फोम ठेवला.

सर्जननं तीन आठवड्यांनी बघितलं. तळाशी लाल, ओलसर दाणे धरले होते. "अंगठा राहू दे," तो म्हणाला.

जखम पुरती भरल्यावर घरी पूजा केली. दीर आले. पाहुण्यांसमोर नवऱ्याचा पाय पुढं करायला लावून म्हणाले, "बघा. डॉक्टर कापायला निघाले होते. आमची हळद."

नवरा माझ्याकडं बघत होता. भांडण होणार असं त्याला वाटलं असावं. मी पंक्तीत केळीची पानं मांडत होते. सगळ्यांपुढं अख्खं पान मांडलं. दिरांच्या पानाला मात्र कात्री लावली, भाताएवढंच ठेवलं आणि सार वाढलं. ते कडेनं त्यांच्या धोतरावर गेलं.

"अगं, पान," ते म्हणाले.

"सरी होतंय," मी म्हणाले. "स्वल्प हवा लागू दे."